अख्खी गल्ली दातवाल्याच्या दारात

आमच्या घरात मला चकवा म्हणतात. लाडाने नाही, वैतागून. एका लग्नात मी हात धुवायला म्हणून गेले आणि शेजारच्या हॉलमधल्या दुसऱ्याच लग्नाच्या फोटोत उभी राहून आले, तेव्हापासून हे नाव पडलं ते पडलंच. त्या फोटोत मी नवरीला अगदी खेटून उभी आहे आणि हसतेय म्हणे छान. दोन वळणांच्या पुढचा रस्ता मला आजवर कधी एकटीला सापडलेला नाही. आणि मी शिकले काय, तर नकाशे तयार करायला. हसा, सगळेच हसतात.

पण मी म्हणते, यात हसण्यासारखं काय आहे? ज्याला रस्ते तोंडपाठ असतात तो कशाला मरायला नकाशात डोकं घालेल? मी लहानपणी नकाशे बघायचे ते भीतीपोटी, आणि बघता बघता त्यांच्यावर जीव कधी जडला ते कळलंच नाही. कॉम्प्युटरवर वरून काढलेला वस्तीचा फोटो उघडायचा, त्यावर एकेक घर, एकेक बोळ रेघेने गिरवायचा, कुठल्या जागेला लोक काय म्हणतात ते शोधून लिहायचं. या कामाला बसले की मी जेवायचं विसरते. मला याच कामाची नोकरी हवी होती. दुसरी कुठलीही दिलीत तरी नको होती.

नोकरी मात्र मला ओळख द्यायला तयार नव्हती. एका मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "नकाशे काढता म्हणजे चित्रकला चांगली असेल. आमच्या या भिंतीवर काढाल का काहीतरी, एखादा धबधबा वगैरे?" दुसऱ्या ठिकाणी सगळे प्रश्न झकास गेले, आणि मग त्यांनी मला प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढायला लावला. तो काही केल्या निघेना. तसा त्यांचा चेहरा उतरत उतरत गेला आणि माझी मुलाखत तिथेच संपली. तिसऱ्या ठिकाणी मी उशिरा पोचले. त्यांनी कारण विचारलं आणि मी खरं बोलून बसले, "रस्ता चुकले." नकाशाच्या कंपनीत हे वाक्य बोलल्यावर जी शांतता पसरते ना, ती देव करो आणि तुमच्या वाट्याला न येवो.

इकडे काकांनी जाहीर करून टाकलं होतं की पोरीने आता टाइल्सच्या दुकानात बसावं. दुकान त्यांचंच. "बाथरूमची टाइल आणि स्वयंपाकघरातली टाइल एवढा फरक कळला की झालं," असं ते म्हणायचे. बाबा आधी प्रत्येक मुलाखतीनंतर माझ्यासाठी दारात उभे असायचे. हल्ली मी आले की ते टीव्हीचा आवाज थोडा वाढवायचे. चिडले असते तर मीही चिडले असते, पण त्यांनी विचारणंच सोडलं होतं आणि ते मला फार लागत होतं. शेवटी मीच कबूल केलं. ही मुलाखत शेवटची. ही गेली तर पहिल्या तारखेपासून टाइल्स.

मला पोचवायला आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची आणि काकांची थोरली बहीण. दोघेही भाऊ तिला टरकून असतात, कारण तिचा आवाज.

"तुला एकटीला सोडलं तर तू मुलाखत द्यायला परदेशात निघून जाशील," आत्या म्हणाली आणि माझं मनगट धरून चालायला लागली. वाटेत तिचा दुसरा हात सारखा गालाकडे जात होता.

"आत्या, दात दुखतोय का तुझा?"

"माझे दात ठणठणीत आहेत. तू समोर बघ."

कंपनीने पत्ता म्हणून स्वतःच्याच नकाशावरची खूण पाठवली होती. फोनमधल्या निळ्या रेघेवरून आम्ही चालत राहिलो. दुकानांची अरुंद गल्ली आली. "तुम्ही पोचला आहात," फोन म्हणाला. समोर जिना होता. जिन्यावरच्या पाटीला रंग देणं चाललं होतं, त्यामुळे तिच्यावर कापड टाकलेलं होतं. वर चढलो तर काचेचं दार, आणि दाराआड पाय ठेवायला जागा नाही इतकी गर्दी.

टेबलाशी एक मुलगी फोन खांद्यात दाबून बसली होती. तिने मान वर न करता आमच्या हातात नंबराचा बिल्ला ठेवला. "बसा. नंबर आला की बोलावते."

आम्ही खुर्च्या पकडल्या. माझे प्रतिस्पर्धी मला लगेच ओळखू आले. एक उंच मुलगा होता, त्याची फाइल प्लॅस्टिकमध्ये अशी गुंडाळलेली होती की आत पाणी जायची टाप नव्हती. एक जाड चष्म्याची मुलगी ओठातल्या ओठात काहीतरी पाठ करत होती. आणि टाय लावलेले एक गृहस्थ होते, माझ्यापेक्षा बरेच मोठे, रुमालाने मान पुसत बसलेले. बाकीची माणसं मात्र मला कळेनात. एका बाईंच्या मांडीवर उसवलेला कोट होता. एकाच्या हातात तुटलेलं कुलूप. एक पोरगेलासा कुरिअरवाला खोक्यावर बसून पेंगत होता. "इतक्या प्रकारच्या माणसांना बोलावलंय?" मी पुटपुटले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून घर्रर्र असा आवाज आला आणि पाठोपाठ कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं.

"मुलाखत कडक दिसतेय," टायवाले गृहस्थ म्हणाले.

दार उघडलं. एक माणूस गाल दाबून बाहेर आला. डोळ्यांत पाणी. चष्मेवाली धावत त्याच्याकडे गेली. "अहो, काय विचारलं हो?"

तो "अं... अं..." एवढंच म्हणाला आणि जिना उतरून गेला.

"टेक्निकल राउंड," फाइलवाल्याने जाणकारासारखी मान हलवली.

चुकीच्या जागी जाऊन बसायची मला इतकी सवय आहे की अशी जागा मला वासावरून कळते. आणि इथे तर लवंगेच्या तेलाचा घमघमाट सुटला होता. मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर जबड्याचं चित्र होतं, आतल्या मुळांसकट. मी उठून फाइलवाल्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "अहो, आपलं काहीतरी चुकतंय. हा दातांचा दवाखाना आहे."

तो माझ्याकडे बघून हसला. कीव आल्यासारखा. "तुम्हाला असं वाटावं हेच तर त्यांना हवंय. तो वर कॅमेरा बघितलात? नकाशाच्या कंपनीचा स्वतःचा पत्ता चुकेल का? डोकं चालवा जरा. आपण नकाशावर किती विश्वास ठेवतो याची ही परीक्षा आहे. जो उठला तो गेला."

हे ऐकून चष्मेवालीने पाठ ताठ केली आणि कॅमेऱ्याकडे बघून गोड हसली. टायवाल्यांनी रुमाल खिशात ठेवला. "मी काही उठणार नाही," ते म्हणाले. "आज काम होणार असं सांगून आलोय घरी."

तो फाइलवाला इतक्या खात्रीने बोलला की मी परत आत्याशेजारी जाऊन बसले. आजवर काय झालं होतं? दर वेळी सगळं जग बरोबर आणि मी चूक. बरोबर ठिकाणी आलेली मुलगी शेवटच्या मुलाखतीतून आपल्या पायांनी उठून गेली, असं झालं तर? घरी काय सांगू? पण मग माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर चुकण्याचा अनुभव गाठीशी आहे, आणि त्यातलं काहीच मला कळत नाही असं हा कालचा पोरगा मला सांगणार? मी आत्याला म्हटलं, "ऊठ, आपण चुकीच्या जागी आलोय."

"मग तू जा आणि बघून ये," आत्या म्हणाली. "मी बसते. हातातला नंबर सोडायचा नाही कधी. नंतर मिळत नाही."

खाली जिन्याच्या तोंडाशीच एक किल्ल्या बनवणारा बसला होता. मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "नकाशावाले ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, रोजचंच झालंय. येणारा प्रत्येक जण आधी वर दातवाल्याकडे जातो. शिंप्याचं गिऱ्हाईकही तिकडेच जातं, माझंही तिकडेच. मी इथे खाली बसलोय आणि लोक कुलूप घेऊन माझ्या डोक्यावरून वर जातात!" त्याने कपाळाला हात लावला. "नकाशावाले मागच्या गल्लीत, छापखान्याच्या वर. इथून असं गेलं की—"

"हात करून दाखवू नका, मला हातांचं कळत नाही. तोंडाने सांगा."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "डाव्या बाजूची भिंत सोडू नका. शाईचा वास आला की वर चढा."

मी भिंतीला हात लावून पळत सुटले. लोक बघत होते, बघू देत. शाईचा वास आला, मी चढले, आणि दारावर कंपनीचं नाव दिसल्यावर माझ्या जिवात जीव आला.

आत एक मॅडम होत्या, पांढऱ्या आखूड केसांच्या, आणि त्यांच्या शेजारी एक डेटासाहेब. डेटासाहेब हे नाव मी ठेवलेलं. सगळे आकडे त्यांच्या ताब्यात असतात अशी मॅडमनी ओळख करून दिली म्हणून. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वाळवंटातून चालत आलेय.

"या, या! आलं बाई कोणीतरी," मॅडम म्हणाल्या. "बोलावली होती चार माणसं. तिघांचा पत्ता नाही. हल्लीच्या मुलांना नोकरीची काही पडलेलीच नाही!"

"हल्ली कुरिअरवालेही येत नाहीत," डेटासाहेब म्हणाले.

"त्यांचा संप असेल," मॅडम म्हणाल्या. "बसा तुम्ही."

आणि मुलाखत सुरू झाली. काय सांगू, अशी मुलाखत मी जन्मात दिली नव्हती. त्यांनी विचारावं आणि मी सांगत सुटावं. नदीचं पात्र बदललं तर हद्दीची रेघ कशी ओढायची? झाडाखाली झाकलेला रस्ता वरच्या फोटोत कसा ओळखायचा? एकाच चौकाला लोक तीन नावांनी ओळखत असतील तर कुठलं लिहायचं? "तिन्ही लिहायची," मी म्हणाले, "हरवलेल्या माणसाला त्यातलं एकच आठवत असतं." मॅडमनी पेन खाली ठेवलं. डेटासाहेब खुर्चीत पुढे सरकले. माझ्या अंगात वारं शिरलं होतं. मी हातवारे करत होते, मध्येच हसत होते, एकदा तर त्यांच्या पाण्याच्या ग्लासातलं पाणी पिऊन टाकलं. कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

मॅडमनी डेटासाहेबांकडे पाहिलं. "बाकीच्यांची किती वाट बघायची? मला वाटतं, हिलाच—"

त्या पुढचं बोलायच्या आधीच मला सगळं दिसायला लागलं. बाबांचा चेहरा, काकांचा पडलेला चेहरा, या खिडकीपाशी माझं टेबल. नोकरी हातावर येऊन बसली होती. मूठ मिटायची बाकी होती. आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यांसमोर ते टायवाले गृहस्थ आले, मान पुसत बसलेले. मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले. मी सांगायला आले होते ना तुम्हा सगळ्यांना? हसलात ना? मग बसा आता कॅमेऱ्याकडे बघत! माझ्यावर कोणी कधी दया दाखवलीय? आणि मी काही खोटं बोलत नव्हते, नुसती गप्प बसणार होते. गप्प बसायला काय लागतं?

मला नाही जमलं. माझा स्वभावच मेला वाईट.

"ते आलेत," मी म्हणाले.

"कोण?"

"तिघंही. वेळेच्या आधी आलेत. पलीकडच्या गल्लीत दातांच्या दवाखान्यात बसलेत. तुमच्या नकाशावर तुमचं ऑफिस तिथेच आहे."

खोलीत ती शांतता पसरली. मला चांगली ओळखीची. झालं, संपलं, मी म्हटलं. टाइल्स.

"अशक्य," डेटासाहेब म्हणाले. त्यांचे कान लाल झाले. "आमची खूण छपरावर अचूक आहे, मी स्वतः बसवलीय." त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला, नकाशा उघडला, आणि खूण होती दवाखान्याच्या दारात. त्यांनी चष्मा काढून पुसला. खूण हलली नाही.

"तुम्ही कधी बघितली नाहीत?" मी विचारलं.

"आम्ही कशाला बघू?" मॅडम म्हणाल्या. "आम्हाला आमचं ऑफिस माहीत आहे!"

खरं होतं की. मी खुर्ची ओढून पुढे झाले. नकाशा जरा लांबून बघावा म्हणून लहान केला, आणि मला ते दिसलं. गल्लीतल्या सगळ्या खुणा एकमेकींवर चढून बसल्या होत्या. शिंपी, किल्लीवाला, छापखाना, दातवाला, कंपनी, सगळे त्या एका दारात. आणखी लहान केला. पुढच्या गल्लीतही तसंच, पलीकडेही तसंच. अख्ख्या शहरातली दुकानं सरळ ओळींत आणि समान अंतरावर.

"माणसं पट्टी लावून दुकानं थाटत नाहीत," मी ओरडले. आवाज आत्यावर गेला होता. "साहेब, तुम्ही आकडे कापलेत का?"

प्रत्येक जागेचे दोन आकडे असतात, अक्षांश आणि रेखांश. दशांश चिन्हाच्या पुढे जितके जास्त अंक ठेवाल तितकी जागा नेमकी. ते कापत गेलात की खूण घसरते, आणि आजूबाजूच्या सगळ्या खुणा घसरून एकाच कोपऱ्यावर जमा होतात. हे डेटासाहेबांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, टेबलाकडे पाहिलं.

"अॅप फार हळू चालतं अशी लोकांची ओरड होती," ते बारीक आवाजात म्हणाले. "फाइल जड झाली होती. म्हटलं जरा हलकी करू. चिन्हापुढचे तीन अंक ठेवले फक्त."

"आपल्या गल्लीचे?" मॅडमनी विचारलं.

"सगळ्यांचेच."

मॅडम उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. मी घाबरून पाण्याचा ग्लास शोधला, तर तो मीच रिकामा केला होता. मग त्या वळल्या. "संप!" त्या म्हणाल्या आणि पोट धरून खाली बसल्या. "मी म्हणत होते कुरिअरवाल्यांचा संप आहे!" हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला हसू आवरेना. शेवटी डेटासाहेबही हसले, पण रडवेल्या तोंडाने.

आमची वरात दवाखान्याकडे निघाली. मॅडम पुढे, मी मध्ये, मागे डेटासाहेब. किल्लीवाल्याने आम्हाला बघून हात जोडले.

वर आत्याच्या खुर्चीवर दुसरंच कोणीतरी बसलेलं होतं. नंबर लागला म्हणून आत्या आत गेली होती म्हणे. मुलाखतीची चौकशी करायला गेली, "आ करा" म्हटल्यावर तिने आ केला, आणि डॉक्टरांना तिची ती ठणठणीत दाढ दिसली. आम्ही पोचलो तेव्हा ती बाहेर येत होती, गालात कापसाचा बोळा घेऊन. तिने माझ्याकडे रागाने बघितलं आणि काहीतरी बोलायला गेली. आवाजच आला नाही. असं आमच्या खानदानात पहिल्यांदा घडत होतं.

पाठोपाठ डॉक्टर आले, हातात चिमटा. "नकाशावाले तुम्हीच का?" ते कडाडले. "अहो, मी दात काढू की काय काय करू? काल एक माणूस आला, म्हणाला शर्टाचं माप घ्या!"

"मग?" मॅडमनी विचारलं.

"घेतलं! काय करता? तो जातच नव्हता!"

मॅडमनी पुन्हा भिंतीचा आधार घेतला. इतक्यात फाइलवाला ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मी एकदाही डगमगलो नाही."

मग मॅडमनी काय करावं? तिथेच खुर्ची ओढली आणि तिघांच्याही मुलाखती घेतल्या. जबड्याच्या चित्राखाली, कोटवाल्या बाई आणि कुलूपवाल्याच्या देखत. आणि इथे माझं हसू पार मावळलं. फाइलवाला हुशार होता हो. अगदी फाडफाड उत्तरं देत होता. चष्मेवालीला तर मला न येणाऱ्या दोन गोष्टी येत होत्या. टायवाले गृहस्थ अडखळत बोलले, पण जे बोलले त्यात एक अक्षर चूक नव्हतं. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि माझा जीव खाली खाली जात होता. कशाला बोललीस बाई? कोणी सांगितलं होतं? आत्याने माझा हात घट्ट धरला. ती बोलू शकत नव्हती म्हणून मला जास्तच रडू यायला लागलं.

मॅडम आणि डेटासाहेब जिन्यात जाऊन कुजबुजले. परत आले. मॅडमनी सगळ्यांचे आभार मानले, फाइलवाल्याच्या पाठीवर थाप मारली, आणि मी मनात टाइल्सचे रंग मोजायला लागले.

"तुम्ही," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून.

"मी काय?"

"तुम्हाला घेतलंय. हुशार माणसं मला मिळतात. पण माझं ऑफिस चुकीच्या जागी आहे असं माझ्या तोंडावर सांगणारं, तेही नोकरी हातात पडत असताना, असं माणूस कुठे मिळतं?" मग त्या टायवाल्यांकडे वळल्या. "आणि तुम्हीही थांबा. या साहेबांच्या कृपेने अख्ख्या शहराच्या खुणा परत बसवायच्यात. एकटीला म्हातारी होईपर्यंत पुरतील." टायवाल्यांनी टाय सैल केला आणि खाली बसले ते किती तरी वेळ उठलेच नाहीत.

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. आत्या नंतर सांगते की मी आधी तिला मिठी मारली, मग टेबलावरच्या मुलीला, मग डॉक्टरांना चिमट्यासकट. कुरिअरवाला जागा होऊन टाळ्या वाजवत होता. त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

ऑफिसात आल्यावर मी बाबांना फोन लावला. "बाबा, झालं. मला घेतलं."

पलीकडचा टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला. फोन कट झाला असं वाटलं मला.

"बाबा?"

"ऐकतोय," बाबा म्हणाले. आवाज ओला होता. त्यांनी खाकरून घेतलं. "मी येतो तिकडे."

"इथे? आता कशाला?"

"कुठे बसणार तू, ते बघायचंय मला. तू रस्ता सांगू नकोस, तुझं सांगितलेलं मला नाही कळायचं. तुझ्या कंपनीचा नकाशा आहे ना? त्यावर बघून येतो." स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

"बाबा, थांबा!" मी किंचाळले. "निघू नका! मी सांगेपर्यंत निघू नका!"

मी डेटासाहेबांच्या खुर्चीपाशी धावले. "उठा," मी म्हणाले. पहिल्याच दिवशी, माझ्या साहेबांना. ते उठले. मी आमच्या ऑफिसची खूण शोधली, जुन्या फाइलमधून पूर्ण आकडे काढले, एकेक अंक मोठ्याने वाचत भरले, डेटासाहेबांकडून दोनदा तपासून घेतले आणि बटण दाबलं. खूण दातवाल्याच्या दारातून उठली आणि छापखान्याच्या छपरावर येऊन बसली. नोकरीतलं माझं पहिलं काम ते.

"आता निघा, बाबा."

मग मी खिडकी उघडून उभी राहिले. मॅडम म्हणाल्या बसा, टायवाले म्हणाले चहा घ्या, मी जागची हलले नाही. एखादा अंक चुकला असेल का? दर मिनिटाला मला वाटत होतं की बाबा आत्ता दवाखान्यात जाऊन नंबराचा बिल्ला घेऊन बसलेत. आणि मग गल्लीच्या तोंडाशी स्कूटर दिसली. हॅण्डलला फोन लावलेला, बाबा मान खाली घालून त्यातली निळी रेघ बघत होते. कुठे थांबले नाहीत, कोणाला विचारलं नाही. थेट माझ्या खिडकीखाली येऊन त्यांनी स्कूटर लावली, हेल्मेट काढलं आणि वर पाहिलं.

"बरोबर आलो ना गं?" त्यांनी विचारलं.